आकाशाचे दुकानदार

आमच्या टेबलावर एका सहल कंपनीचे माहितीपत्रक गेले पंधरा दिवस पडून आहे. कागद गुळगुळीत, छपाई सुरेख. मुखपृष्ठावर काचेच्या घुमटाखाली रजई पांघरून पहुडलेले एक तरुण जोडपे आहे आणि वर आकाशात हिरव्या रंगाचा असा काही डोंब उसळला आहे की दिवाळीच्या रोषणाईने मान खाली घालावी. आत मजकूर असा : आठ दिवस, चार देश, आणि ‘ध्रुवप्रकाशाचे हमखास दर्शन’. किंमत वाचून आम्ही पत्रक मिटले, पुन्हा उघडले आणि आकड्यातील शून्ये एकदा मोजून पाहिली. ती चुकलेली नव्हती.

किमतीविषयी आमची तक्रार नाही. ज्यांस परवडते त्यांनी सोन्याच्या ताटात जेवावे. आमची तक्रार ‘हमखास’ ह्या एका शब्दाविषयी आहे. ह्या शब्दाच्या जोरावर जे मुळी कोणाच्या मालकीचे नाही ते विकले जाते. आणि जे खरोखर विकत घ्यावे लागते, म्हणजे एका ठिकाणच्या चारपाच मोकळ्या रात्री, ते मात्र गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतले जाते. परिणाम असा की गोव्यातला शिक्षक, बेळगावचा निवृत्त कारकून, ग्वाल्हेरची एखादी विधवा मास्तरीण, ही सारी मंडळी ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून ते चित्र बाजूला सारतात. वस्तुतः ते त्यांच्यासाठीच आहे, आणि पत्रकातल्या जोडप्यापेक्षा त्यांना ते अधिक चांगले दिसण्याचा संभव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रकाश म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. सूर्यापासून विद्युत्‌भारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी त्याची झटापट होते, आणि त्या खटाटोपात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांभोवतीच्या एका कड्यात वातावरणावर येऊन आदळतात. सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा तांबडा. नायट्रोजन निळा-जांभळा रंग देतो. १७४१ साली स्वीडनमध्ये सेल्सियस आणि ह्यॉर्टर ह्या दोघांनी आकाशात प्रकाश नाचू लागला की होकायंत्राची सुई थरथरते हे टिपून ठेवले. क्रिस्टियन बिर्केलाण ह्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने पुढे निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्याच्या ध्रुवांभोवती तसाच प्रकाश पाडून दाखविला. नॉर्वेने १९९४ साली दोनशे क्रोनच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. २०१७ साली नवी नोट आली आणि तिच्यावर कॉड मासा आला. मासळीला शास्त्रज्ञापेक्षा वरचे स्थान देणारा देश गोमंतकीयांना परका वाटू नये.

ह्या विषयाशी आपले नाते केवळ प्रवासी म्हणून आहे असेही नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले त्याची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, आणि आजही जगभरचे संशोधक तिचा आधार घेतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ लागल्या तेव्हा सुया बिघडू नयेत म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याची बातमी त्या वेळच्या वृत्तपत्रात आली होती. आणि अगदी अलीकडे, मे २०२४ मध्ये, लडाखातील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्याने आकाशातील तांबडी आभा टिपली. ह्यावरून कोणी हानलेला जाऊन वाट पाहत बसू नये. असे योग एका आयुष्यात मोजकेच येतात. सांगायचे ते इतकेच की, ह्या आकाशाची प्रवेशपत्रिका कोणा कंपनीच्या गल्ल्यात ठेवलेली नाही.

आता ‘हमखास’कडे वळू. ध्रुवप्रकाश दिसण्यास तीन गोष्टी लागतात : अंधार, निरभ्र आकाश, आणि त्या कड्याखालची जागा. पहिली व तिसरी पंचांगावरून आणि नकाशावरून आधीच साधता येतात. दुसरी कोणाच्या बापाला साधत नाही. ढग शंभर किलोमीटरवर नसतात, डोक्यावर असतात. आणि ते कंपनीचा करारनामा वाचत नाहीत. म्हणून कंपनीची हमी बारीक अक्षरांत पाहावी. कोठे ‘दर्शन न झाल्यास दुसरी फेरी मोफत’ असते, आणि दुसऱ्या दिवशी तर गिऱ्हाईक विमानात बसलेले असते!

आम्ही उभयतां पहिल्या खेपेस अशाच एका सहलीबरोबर गेलो होतो, ह्याची कबुली दिली पाहिजे. हेलसिंकी, रोव्हानिएमी, ट्रोम्सो, ऑस्लो. सहा दिवस आणि आठ वेळा सामान बांधणे. ध्रुवप्रकाशासाठी राखून ठेवलेली रात्र नेमकी एक. त्या रात्री छोट्या बसमधून पाच तास रस्त्याच्या कडेला थांबत, उतरत, पुन्हा चढत आम्ही हिंडलो. अखेर एका ढगाच्या फटीतून पांढुरकी रेघ दिसली. मार्गदर्शकाच्या कॅमेऱ्यात ती हिरवी उमटली, सर्वांनी टाळ्या पिटल्या, आणि कंपनीच्या दप्तरी ‘दर्शन झाले’ अशी नोंद पडली. परतल्यावर आम्ही पत्र लिहिले. उत्तरादाखल एक प्रशस्तिपत्र आले, त्यावर आमचे नाव चुकीचे होते.

त्या मार्गदर्शकाला आम्ही दोष देत नाही. ट्रोम्सोची हवा समुद्राची, ढगाळ. तेथले वाहनचालक ढगांच्या फटी हुडकीत फिनलंडच्या सीमेपर्यंत जातात, आणि ज्याच्यापाशी एकच रात्र आहे त्याने पैसे खर्चावेत तर ह्याच लोकांवर खर्चावेत. प्रश्न हा आहे की एकच रात्र का? एखाद्या रात्री दर्शन घडण्याची शक्यता तिनात एक धरा. एक रात्र राहणारा शंभरात तेहतीस वेळा सुखी होईल; पाच रात्री राहणारा सत्त्याऐंशी वेळा. (हवा एकदा बिघडली की दोन दिवस बिघडलेलीच राहते, तेव्हा हा आकडा थोडा खाली आणावा, तरी मुद्दा उरतोच.) चार देशांच्या विमानभाड्यात एका गावच्या पाच रात्री सहज बसतात. मग कंपन्या तसे का करीत नाहीत? कारण एका गावात पाच रात्री स्वस्थ बसणे हे पत्रकात छापण्याजोगे नसते. त्यात विकायला काही नसते.

आम्ही दुसऱ्या खेपेस स्वीडनमधील आबिस्को येथे गेलो. हे गाव अडुसष्ट अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर, तोर्नेत्रेस्क ह्या सत्तर किलोमीटर लांबीच्या सरोवराच्या काठी आहे. त्याची निवड आम्ही फोटो पाहून केली नाही, पावसाचे आकडे पाहून केली. तेथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे तीनशे मिलिमीटर पडतो. पणजीला एकट्या जुलैत ह्याच्या दुपटीहून अधिक कोसळतो. कारण बेळगावकरांना समजावून सांगावे लागणार नाही. आंबोली आणि चोर्ल्याच्या घाटात आभाळ फाटते, आणि गोकाकच्या वाटेला लागावे तो रान कोरडे! तेथेही तसेच. अटलांटिकचे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडे आबिस्कोवर बहुधा आकाशाचा एक तुकडा उघडा राहतो.

आणि तेथे जाण्यास आगगाडी आहे, ही गोष्ट पत्रकांतून कधी वाचली आहे काय? स्टॉकहोमहून संध्याकाळी निघणारी रात्रीची गाडी किरूनामार्गे दुसऱ्या दिवशी आबिस्कोला पोहोचविते. तोच मार्ग पुढे नॉर्वेतील नार्विक बंदराला जातो. मूळ तो लोखंडाच्या खनिजासाठी १९०२-०३ च्या सुमारास पुरा झाला. बसण्याची जागा, सहाजणांच्या डब्यातील झोपण्याचे बाक, आणि ज्यांना हवी त्यांना स्वतंत्र खोली, असे तीन प्रकार आहेत. तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त. वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीत आडवे होऊन मुंबईस उतरणाऱ्या माणसाला ह्यात काही शिकायचे नाही. एका रात्रीचे हॉटेल वाचते ते वेगळे. मात्र ह्या लोहमार्गावर सर्वस्वी विसंबू नये. डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खनिजाच्या गाड्या रुळांवरून घसरून तो कित्येक आठवडे बंद होता. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

फिनलंड ज्यांना अधिक रुचते त्यांनी हेलसिंकीहून रात्रीच्या गाडीने रोव्हानिएमी गाठावे, पण तेथे न रेंगाळता बसने उत्तरेस इनारीकडे जावे. रोव्हानिएमी नाताळबाबाचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. डिसेंबरात तेथे भावही नाताळातलेच असतात. इनारीच्या बाजूस स्वयंपाकघर आणि सौना असलेली लाकडी घरे भाड्याने मिळतात, आणि चौघांनी मिळून घेतले तर खर्च माणशी आवाक्यात येतो.

खर्चाचे म्हणाल तर नॉर्डिक देशांत माणसाला लुबाडते ती खोली नव्हे; हॉटेलातले जेवण आणि प्रत्येक संध्याकाळी विकत घेतलेली ‘अनुभूती’. आबिस्कोच्या वसतिगृहात सामायिक स्वयंपाकघर होते. मसूर, तांदूळ, बटाटे, कांदे दुकानात मिळतात. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. बाटलीतले पाणी विकत घेणारा तेथे परदेशी म्हणून लगेच ओळखू येतो. एक सावधगिरी : तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या बरोबर नेऊ नयेत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, आणि सीमेवर आपला खाऊ केराच्या टोपलीत पडताना पाहणे क्लेशदायक असते. लसणाची चटणी आमच्यापाशी होती. पाचही रात्री तिने आम्हांला तारले.

व्हिसाचे सोपस्कार कंटाळवाणे असले तरी गूढ नाहीत. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांस नव्वद युरो आहे, किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ‘व्हिसा आमच्यामार्फतच मिळेल’ असे सांगणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. (आमच्या गोमंतकीय वाचकांपैकी ज्यांच्या घरी पोर्तुगीज पारपत्र आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

काळ कोणता, ह्याविषयी तर शुद्ध फसवणूक चालते. आपल्याकडे घराघरांत सहल म्हणजे मे महिन्याची सुट्टी. मे-जूनमध्ये तिकडे रात्रच होत नाही. आबिस्कोत मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. असे असता उन्हाळी सहलीच्या पत्रकावर ध्रुवप्रकाशाचे चित्र छापणे म्हणजे भरदुपारी आकाशकंदील विकण्यासारखे आहे. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. त्यातही सप्टेंबर आणि मार्च हे विषुवाच्या जवळचे महिने चांगले, कारण त्या सुमारास चुंबकीय खळबळ सरासरीने अधिक असते, थंडी सोसवते, आणि नाताळची भाववाढ नसते. सप्टेंबरात पाणी गोठलेले नसल्याने सरोवरात आकाश दुसऱ्यांदा दिसते. नोकरदारांना दिवाळीची सुट्टीही चालेल. ती अमावास्येलाच येते, तेव्हा चंद्राची अडचण नाही.

दुसरी फसवणूक घाईची. ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्रातील कमाल क्रियाशीलतेच्या काळात पोहोचल्याचे जाहीर केले. लगेच आमच्या पत्रकावर लाल अक्षरे आली : ‘ही शेवटची संधी!’ कमाल काळात ध्रुवप्रकाश दक्षिणेकडे दूरवर दिसतो हे खरे. परंतु जो मनुष्य अडुसष्ट अंशांवर त्या कड्याखालीच उभा आहे त्याला त्याचे काय? तेथे शांत वर्षांतही तो येतो. उतरत्या काळात सूर्यावरील प्रभाकिरीटाच्या विवरांतून सुटणारे वेगवान वारे दर सत्तावीस दिवसांच्या सुमारास पुन्हा पुन्हा पृथ्वीवर येतात आणि उत्तरेकडचे आकाश चांगले जागे ठेवतात. तेव्हा कर्ज काढून धावत जाण्याचे कारण नाही. दोन वर्षे पैसे साठवून सावकाश जावे.

कोणी म्हणेल, तुमचे हे सारे तरुणांसाठी झाले. आमचे गुडघे दुखतात, आम्हांला आराम हवा. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमच्याबरोबर वडोदऱ्याच्या मावशी होत्या, वय वर्षे एकाहत्तर. त्यांनी निघण्यापूर्वी एवढेच विचारले होते, “अरे, तिथं मला उभं किती वेळ राहावं लागेल?” आरामाचा खरा प्रश्न हाच आहे. बसच्या सहलीत उत्तर होते पाच तास, उणे वीस अंशांत. आबिस्कोत उत्तर होते दहा मिनिटे. खोली उबदार, दार दहा पावलांवर, दारापलीकडे अंधार. आम्ही पाळीपाळीने बाहेर डोकावत असू आणि काही दिसले तरच मावशींना हाक मारीत असू. त्या लोकरीचे तीन थर, भाड्याने घेतलेले जाड अंगरखे व बूट आणि बडोद्याची माकडटोपी अशा थाटात बाहेर येत, पाहत, आणि चहाला परत जात. (सुती कपडा अंगाला लागून असू नये, तो घाम धरून ठेवतो आणि मग गोठवतो. बूट किंचित सैल असावेत. फोन आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर थंडीने त्याचा जीव जातो.) ज्याला दहा मिनिटांचीही थंडी वर्ज्य आहे अशा रुग्णाला काचेच्या घुमटाचा उपयोग आहे, हे आम्ही मान्य करतो. इतरांनी त्या घुमटांसाठी एका रात्रीला चारपाचशे युरो देण्यापूर्वी काचेवर बर्फ साचते, आतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते, आणि शेजारच्या घुमटातील मंडळी दिवे लावून पत्ते खेळू शकतात, एवढे ध्यानात घ्यावे.

अंधारात उभे राहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड ह्या तिन्ही देशांत रानावनांतून पायी हिंडण्याचा हक्क प्रत्येकास आहे, मग जमीन कोणाचीही असो. नॉर्वेने तर १९५७ साली त्याचा कायदाच केला. कोणाच्या घराच्या अंगणात शिरू नये आणि पेरलेले शेत तुडवू नये, एवढे पथ्य पाळावे. ज्या भूमीवर आपण उभे राहतो ती सामी लोकांची. त्यांच्या जुन्या समजुतीप्रमाणे ह्या प्रकाशाखाली शीळ घालू नये, त्याला डिवचू नये. मिनिबसमधल्या टाळ्यांविषयी त्यांना काय वाटत असेल ते आम्ही विचारले नाही.

राहता राहिला रंगांचा प्रश्न, आणि येथे आम्हांला पत्रकाशी सर्वांत कडक भांडण करायचे आहे. मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून जे साठवतो ते डोळा साठवीत नाही. म्हणून फिका ध्रुवप्रकाश डोळ्यांना राखी, ढगासारखा दिसतो. पत्रकातले चित्र मनात घेऊन गेलेला मनुष्य तो पाहून खट्टू होतो आणि फोनच्या पडद्याकडे वळतो. त्याला कोणी सांगितलेले नसते की डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीसेक मिनिटे लागतात, आणि दर वेळी पडदा उजळला की ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. त्याला हेही कोणी सांगितलेले नसते की तो राखी पट्टा हलतो. कॅमेऱ्याच्या चित्रात ते हलणे नसते. अनेक वर्षे जहाजांवर काढलेला एक गोमंतकीय तारवटी आम्हांला म्हणाला होता की, रंग त्याच्या आता ध्यानात नाही, पण ते आकाश चालत होते हे तो विसरलेला नाही.

आमच्या पाच रात्रींपैकी पहिल्या दोन ढगांत गेल्या. आम्ही खिचडी केली, पत्रे लिहिली, दिवसा गोठलेल्या सरोवराच्या काठाने फिरलो. तिसऱ्या रात्री उत्तरेस एक फिकट कमान आली, तासभर राहिली, गेली. चौथ्या रात्री अकराच्या सुमारास तीच कमान उठली, मध्येच तुटली, आणि तिचे पडदे डोक्यावरून दक्षिणेकडे पळू लागले. ह्या वेळी हिरवा रंग उघड्या डोळ्यांना स्पष्ट होता आणि पडद्यांची खालची किनार गुलाबी. मावशी दहा मिनिटांच्या बोलीवर आल्या होत्या. चाळीस मिनिटांनी आम्हीच त्यांना आत चला म्हणालो, तर म्हणाल्या, “तू जा. दार लोटून घे फक्त, उजेड येतोय.” पाचवी रात्र पुन्हा ढगाळ.

ह्या लेखाला आरंभ करण्यापूर्वी आम्ही त्या पत्रकावरील दूरध्वनीवर सहल कंपनीला तीन गोष्टी विचारल्या : ध्रुवप्रकाशाच्या प्रदेशात मुक्काम किती रात्रींचा, त्या गावचे आकाश मार्चमध्ये सरासरी किती ढगाळ असते, आणि ढग आले तर पुढे काय. पहिल्याचे उत्तर मिळाले : दोन, पण दोन वेगवेगळ्या गावी. बाकीच्या दोहोंसाठी ‘वरिष्ठांना विचारून कळवितो’ असे सांगून त्या गृहस्थांनी आमचा क्रमांक उतरून घेतला. त्यानंतर त्यांचा संदेश आला तो असा, की जागा थोड्याच उरल्या आहेत. पत्रकाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर आम्ही स्टॉकहोमहून सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीची वेळ लिहून ठेवली आहे, कारण मावशींच्या धाकट्या जाऊबाई पुढच्या मार्चला येतो म्हणाल्या आहेत.